ब्रायटनच्या पॅव्हेलियन राजवाड्यात खरंच भारतीय सैनिकांचं हॉस्पिटल होतं का?

हो, खरंच होतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या आपल्या जवानांसाठी डिसेंबर 1914 मधे इंग्लंडमधल्या ह्या राजवाड्यात लष्करी हॉस्पिटल सुरू केलं, शेजारची डोम नावाची इमारत वगैरे धरून 700 च्या वर बेड होते, आणि राजाच्या मोठ्या मुदपाकखान्यात चक्क ऑपरेशन थिएटर! जेवणासाठी मात्र नऊ वेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुस्लिमांना पाण्याचे नळ वेगळे, पाट्या हिंदी, उर्दू आणि गुरुमुखीत. एवढी काळजी घेतली हे चांगलंच, पण जवान नाराज झाले तर भरती थांबेल ही भीतीही त्यामागे होती आणि बाहेर फिरायला निर्बंध होतेच, ते विसरू नका.

ऑगस्ट 1915 मधे जमादार (सैन्यातला हुद्दा) मीर दस्त यांना राजा पंचम जॉर्जने इथल्याच हिरवळीवर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक दिलं. 1916 च्या सुरुवातीला भारतीय गेले, मग 1920 पर्यंत हातपाय गमावलेले ब्रिटिश सैनिक होते.

जे वाचले नाहीत त्यातल्या 53 हिंदू आणि शीख जवानांना ब्रायटनजवळच्या पॅचम गावाशेजारच्या टेकडीवर अग्नी दिला, तिथे 1921 मधे त्यांच्या स्मरणार्थ संगमरवरी घुमटाची छत्री उभारली. ब्रायटनला गेलात तर राजवाड्याबरोबर तिथेही नक्की जा.