पहिला डोंगर: अर्ध्यातून परतता येईल असा

प्रश्न : मी चिंचवडला राहते. वय 44, काम दिवसभर बसून करण्याचे. बारा वर्षांच्या मुलीला घेऊन डोंगरावर जावे असे फार दिवस मनात आहे. पण आम्ही दोघी आजवर एकही किल्ला पायी चढलेलो नाही. कार्यालयातील मंडळी कळसूबाईला चला म्हणतात, कोणी हरिश्चंद्रगड सुचवतो, तर घरचे म्हणतात की सिंहगडच बरा. आमच्याकडे गाडी नाही, त्याच दिवशी परत यायचे आहे आणि जेथे जाऊ तेथे पाहण्यासारखे काही असावे एवढीच अपेक्षा आहे. निवड नेमकी काय पाहून करावी?

उत्तर : गडाचे नाव ऐकून निवड करू नये, वाट विचारावी. तुम्हाला सुचवलेल्या हरिश्चंद्रगडाचेच उदाहरण घ्या. पाचनईकडून येणारी वाट सवय नसलेल्यालाही जमण्यासारखी आहे, आणि त्याच गडाची नळीची वाट मुरलेल्या भटक्यांचाही कस पाहते. राजमाचीला लोणावळ्याहून गेल्यास चालणे लांबलचक पण बहुतांशी सपाट असते. कोंढाण्याच्या लेण्यांकडून गेल्यास अंतर कमी होते आणि चढ मात्र छातीवर येतो. ‘राजमाची सोपी आहे’ असे सांगणारा स्वतः कोणत्या बाजूने गेला होता, हे म्हणूनच आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट उंचीची. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून 1646 मीटर उंच आहे हे सर्वांना पाठ असते. पण पायांना समुद्रसपाटीशी काही देणेघेणे नसते, त्यांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती चढायचे एवढेच कळते. वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला हिशेब अजूनही उपयोगी पडतो : सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आहे, त्यामुळे पहिल्या खेपेला आलेल्या उत्तरात निम्मी भर घालावी. सिंहगडाचा आतकरवाडीकडून होणारा चढ साडेपाचशे-सहाशे मीटरचा आहे. दर रविवारी हजारो लोक तो चढतात म्हणून त्याला सोपे म्हणण्याची पद्धत पडली आहे, मला स्वतःला ती पटत नाही. त्या वाटेवर सावली फारशी नाही, आणि दम लागून मध्येच परतावे लागले तर हाती काहीच पडत नाही.

माझ्या मते नवख्याने पाहावी अशी मुख्य गोष्ट हीच : अर्ध्यातून परतलो तरी दिवस सार्थकी लागावा. या कसोटीवर, आणि तुमच्या घरापासूनचे अंतर लक्षात घेता, मी लोहगड सुचवेन. पण गाडीने थेट पायथ्याशी उतरून नव्हे, तर मळवली स्थानकापासून चालत.

चिंचवडहून लोणावळ्याकडे जाणारी सकाळची लोकल तुम्हाला तासाभराच्या आत मळवलीला सोडते. (मुंबईकडच्या वाचकांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल पकडावी, पहिलेच स्थानक मळवली.) तेथून द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गावापर्यंत साधा रस्ता आहे आणि या दोन किलोमीटरांत पाय मोकळे होतात. गावापुढे चढ लागतो. रस्ता वळणे घेत गायमुख खिंडीत पोहोचतो. या खिंडीच्या एका अंगाला विसापूर आणि दुसऱ्या अंगाला लोहगड. खिंडीतून उजवीकडे वळले की लोहगडवाडी येते, आणि वाडीपासून गडाच्या पायऱ्या सुरू होतात. स्थानकापासून माथ्यापर्यंतचे अंतर सहा-सात किलोमीटर आणि एकूण चढ चारशे मीटरांहून थोडा अधिक आहे. वरच्या हिशेबाने दोन तास होतात, म्हणजे तुम्ही तीन धरा. भाज्यात, खिंडीत किंवा वाडीत, कोठेही थांबून ‘आज एवढेच’ असे म्हणता येते, हा या वाटेचा मोठा गुण आहे.

गडावर जाणारा पायऱ्यांचा मार्ग तटाखालून नागमोडी वळणे घेत गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांतून वर जातो. हनुमान दरवाजाच्या आसपास मुलीला दोन मिनिटे थांबवून खाली पाहायला सांगा. आपण चढून आलेली वाट पायाखाली दोन-तीन पदरी दुमडलेली दिसते, आणि खालच्या वळणावरचा माणूस वरच्या तटाच्या माऱ्यातून कसा सुटू शकत नाही हे न सांगता समजते. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागलेला हा गड 1670 मध्ये स्वराज्यात परत आला. मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांतही तो आहे. माथ्यावर नाना फडणवीसांच्या काळातले सोळा कोनांचे तळे आहे. पश्चिमेकडे विंचूकाटा नावाची लांब, चिंचोळी माची पसरलेली असून तिच्यावरून पवना धरणाचे पाणी आणि तुंग, तिकोना ही जोडी दिसते. माचीवर जाण्यासाठी सुरुवातीला थोडा कातळ उतरावा लागतो. मुले तेथून सहज उतरतात, अडखळतो ते आपण. मन धजत नसेल तर गडाच्या कडेवर बसूनही माची पूर्ण दिसते.

भाज्याची लेणी मात्र जाताना न पाहता परतीसाठी राखून ठेवावीत. लेण्यांचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी तेथे सावली असते आणि तिसऱ्या प्रहरी ऊन थेट आत शिरते. चैत्यगृहाच्या कमानदार छताला लागलेल्या लाकडी फासळ्या त्या उजेडात नीट पाहाव्यात. सुमारे 2,200 वर्षांपूर्वी कोरलेल्या या लेण्यात ते प्राचीन लाकूडकाम अजून टिकून आहे.

पहिल्या खेपेसाठी पावसाळा टाळावा. भर पावसातल्या रविवारी लोहगडाच्या दरवाजांत माणसांची कोंडी होते, शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय ठरत नाही आणि विंचूकाटा धुक्यात असल्याने दिसतही नाही. पाऊस सरल्यावरचे ऑक्टोबरचे पहिले दिवस मला सर्वांत आवडतात. उतारांवर सोनकी पिवळी फुललेली असते आणि गवत अजून हिरवे असते. जमल्यास रविवार सोडून जावे. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी आणि घरचा डबा एवढे पुरे. डबा पाठीवरच्या पिशवीत असावा, कारण गडावरची माकडे हातातली पिशवी पाहूनच जवळ येतात. बूट नवे असतील तर आधी आठवडाभर घरात आणि बाजारात वापरावेत. मी एकदा अगदी मापाचे बूट घालून गेलो होतो. चढताना काही वाटले नाही, पण उतरताना प्रत्येक पायरीला अंगठा पुढे आपटत राहिला आणि त्याचे नख पुढे तीन महिने काळे होते. मोजे घालूनही बोटांपुढे अर्धे पेर जागा राहावी, असे माप घ्यावे. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल विरळ असतात, तेव्हा परतीची गाडी सकाळीच पाहून ठेवावी.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे आहेत, रोज तासभर चालतात. त्यांना सोबत नेले तर चालेल का? अधूनमधून त्यांचे गुडघे दुखतात.

उत्तर : रोज तासभर चालणाऱ्या माणसाला चढाची धास्ती नसावी, मात्र डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. दुखऱ्या गुडघ्याला त्रास होतो तो उतरताना, आणि लोहगडाच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसल्याने तो थोडा अधिकच होतो. त्यांना रिक्षाने किंवा जीपने लोहगडवाडीपर्यंत न्यावे आणि केवळ पायऱ्या चढू द्याव्यात. हातात काठी असावी, आणि उतरताना ती एक पायरी खाली टेकवून मगच पाय टाकावा. नारायण दरवाजापर्यंत जाऊन ते परतले तरी त्यांना गड पाहिल्याचे समाधान मिळेल. वर निघण्यापूर्वी वाडीतल्या एखाद्या घरी पिठले-भाकरी सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही माथ्यावरून उतरेपर्यंत वडिलांना ओसरीवर निवांत बसता येईल आणि भाकऱ्याही गरम मिळतील.