जाहिरातीच्या आधी एक वही

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बॅगा दुरुस्त करायला लागून आठ महिने झाले, हातही बसलाय, पण गिऱ्हाईक म्हणावं तसं येत नाही. थोडे पैसे बाजूला पडलेत, ते लोगोवर घालावे, वेबसाइटवर की इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर, असं विचारलंयस. माझं ऐकशील तर दोन महिने ते आहेत तिथेच राहू देत. एक वही घे.

तिच्यात चार रकाने आख: तारीख, काम, रक्कम आणि ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’. शेवटचा प्रश्न बॅग हातात घेता घेताच विचारायचा. पैसे देऊन झाल्यावर विचारलंस तर लोक चपला घालता घालता ‘असंच’ म्हणून निघतात. ‘असंच’ वहीत लिहायचं नाही, हसून पुन्हा विचारायचं. कोणी ‘मैत्रिणीने सांगितलं’ म्हटलं तर कोणत्या मैत्रिणीने, तेही विचार. ती बाई तुझी फुकट जाहिरात करतेय आणि तिचे कोणी साधे आभारही मानलेले नसतात. त्याच संध्याकाळी तिला दोन ओळींचा मेसेज जाऊ दे.

हे शहाणपण मला उशिरा आलं. मी बाइंडिंगचं काम करायचो तेव्हा पहिल्याच वर्षी दोन हजार पत्रकं छापून वाटली. पुढच्या महिन्यात काम दुप्पट झालं. मी खूश! पुन्हा तितकीच छापली, आणि ह्या वेळी दुकानात माशी फिरकली नाही. मग डोक्यात उजेड पडला: पहिल्या खेपेला विद्यार्थ्यांचे प्रबंध जमा करायचे दिवस होते. पत्रकं नसती तरी ती मुलं आलीच असती.

तिसऱ्या वेळी फक्त दोनशे छापली. खाली एक ओळ टाकली, ‘हा कागद आणलात तर पाठीवर नाव सोनेरी अक्षरांत, मोफत’. निम्म्या पत्रकांच्या कोपऱ्यात बारीक ‘क’, निम्म्यांवर ‘ख’. ‘क’ वाचनालयाच्या टेबलावर ठेवली, ‘ख’ रस्त्यावर वाटली. ‘क’ची अकरा परत आली. ‘ख’चं एक, आणि ते आणणारा माझ्या ओळखीचाच निघाला. रस्त्यावर वाटणं त्या दिवसापासून बंद.

तुला तर हे आणखी सोपं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर थेट चॅट उघडणारी लिंक बनवता येते आणि तिच्यात मेसेज आधीच भरून ठेवता येतो. तिचा क्यूआर कोड कर. शिवणक्लासमध्ये लावायच्या कागदावरच्या कोडमध्ये ‘नमस्कार, शिवणक्लासमध्ये तुमचा कागद पाहिला’, जिममधल्या कोडमध्ये ‘जिममध्ये पाहिला’. माणूस कोड स्कॅन करून नुसतं पाठवा दाबतो आणि कुठून आला ते आपसूक कळतं. क्यूआर कोड 1994 साली जपानच्या डेन्सो कंपनीने गाड्यांच्या सुट्या भागांचा माग ठेवायला काढला होता. आपण गिऱ्हाइकाचा माग काढू.

आता त्या कागदावर काय लिहायचं. तू पाठवलेला नमुना आहे, ‘सर्व प्रकारच्या बॅगांची दर्जेदार दुरुस्ती माफक दरात’. ह्यातलं ‘बॅगांची दुरुस्ती’ सोडून बाकी सगळं कुठल्याही दुकानावर चिकटवता येईल. त्याऐवजी हे बघ: ‘बॅगेची चेन बंद होऊनही मागून उघडतेय? बहुतेक वेळा फक्त रनर बदलावा लागतो. तुमच्यासमोर बदलून देऊ.’ तू म्हणशील, हे सांगितलं तर लोक घरीच करतील. करू देत. ज्याने एकदा पक्कड घेऊन तो रनर बसवायचा प्रयत्न केलाय, तो पुढच्या वेळी तुझ्याकडेच येतो.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच आधी पुसून घे. खिडकीशी टेबल लाव, फ्लॅश बंद, आणि अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा कर. तुटलेल्या पट्ट्याचा फोटो ज्या जागेवरून काढलास, दुरुस्तीनंतरचाही तिथूनच काढ. दोन्ही शेजारी ठेवले की खाली काही लिहावं लागत नाही.

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि नकाशावर दुकानाची माहिती दाखवणारं पान, फुकट आहे, ते ह्याच आठवड्यात कर. दुकानाचं नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखा हवा. वेळा खऱ्या टाक. बंद दारापर्यंत येऊन परत गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. रिव्ह्यू मागायला लाजू नकोस, पण त्याच्या बदल्यात सूट देऊ नकोस, गूगलच्या नियमांत ते बसत नाही. ‘छान सेवा’पेक्षा ‘ट्रॉलीचं चाक बदलून दिलं’ असं लिहिलेलं जास्त कामाला येतं, तेव्हा काय काम केलं ते लिहा म्हणून सांग.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, 256 जण मावतात, पण मेसेज पोचतो फक्त तुझा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. म्हणून बॅग ठेवून घेतानाच म्हणायचं, ‘नंबर सेव्ह करा, तयार झाल्याचा फोटो ह्यावरच येईल’. आणि त्या यादीवर गुलाबाची फुलं घातलेले सुप्रभात पाठवलेस तर मी स्वतः तुला ब्लॉक करीन! महिन्यातून एक मेसेज पुरे, तोही कामाचा: प्रवासाला निघण्याआधी ट्रॉलीची चाकं कशी तपासायची, असा काहीतरी.

लोगो राहू दे. पोस्ट बूस्ट करायचं, म्हणजे पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवायचं बटणही सध्या दाबू नकोस. कोणती पोस्ट बघून माणसं खरंच दारात आली ते वहीत दिसलं, की मग त्याच पोस्टवर थोडे घालून बघू.

वहीची पहिली दोन पानं भरली की फोटो पाठव, अक्षर कसंही असो. आणि ती मैत्रीण कोण निघाली, तेही कळव.