पोराच्या उशाशी ‘गुन्हा आणि शिक्षा’

“पोऱ्या बोलस नही, नुसतं पुस्तक वाचस.” अमळनेर तालुक्यातले कापूस पिकवणारे पन्नाशीचे गृहस्थ. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं. मुलगा वीस वर्षांचा, जळगावला खोली करून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दिवाळीला घरी आला तो परत जायचं नावच काढेना. दिवसभर दार लावून आत, रात्रभर दिवा चालू. पुतण्याने फोनवर शोधून सांगितलं की या कादंबरीतला विद्यार्थी कुऱ्हाडीने दोन बायकांचा खून करतो. तेव्हापासून आईला झोप नाही. मुलगा अंघोळीला गेलेला असताना पुस्तक उशाखालून काढलं आणि दोघं थेट इथे, समुपदेशनाला आले.

त्यांचा प्रश्न होता: हे वाचून आमचा मुलगाही तसाच होईल का? पुस्तक जाळून टाकायचं का?

असे आईवडील वर्षातून बऱ्याचदा येतात. कधी हातात कादंबरी असते, कधी मोबाईलवरची मालिका, पण काळजी तीच. ही हकीकत कोणा एका घराची नाही. अशा अनेक घरांतले अनुभव एकत्र करून, तपशील बदलून ती लिहिली आहे.

आधी पुस्तकाबद्दल. फ्योदोर दस्तयेव्हस्कीची ही कादंबरी १८६६ साली एका रशियन मासिकात क्रमशः छापून आली. नायक रास्कोल्निकोव्ह हा पैशाअभावी विद्यापीठ सोडलेला तरुण. पीटर्सबर्गमध्ये कपाटाएवढ्या खोलीत राहतो. भाडं थकलेलं, म्हणून घरमालकिणीला चुकवत जिना उतरतो. ‘असामान्य माणसाला सगळं माफ असतं’ असा एक सिद्धांत डोक्यात घेऊन तो गहाणवट घेऊन पैसे देणाऱ्या म्हातारीला मारतो. तिची सावत्र बहीण अचानक समोर येते, तिलाही मारतो. पण हे सगळं सहा भागांपैकी पहिल्याच भागात आटोपतं. उरलेले पाच भाग आणि उपसंहार यांत त्याचा ताप, संशय, तुटलेपण, कबुली आणि सायबेरियातली आठ वर्षांची सक्तमजुरी येते. खून कसा करावा हे शिकवणारं हे पुस्तक नाही. माणूस माणसांपासून तुटला की आतून कसा सडत जातो, हे इतकं बारकाईने फार थोड्या पुस्तकांनी दाखवलं आहे. लेखकाने स्वतः चार वर्षं सायबेरियातल्या तुरुंगात काढली होती, त्याच्या खुणा पानापानावर आहेत.

आईवडिलांची भीती मात्र अगदीच निराधार नसते. जर्मन लेखक गटेची वेर्थर नावाच्या तरुणावरची कादंबरी १७७४ साली आली, तेव्हा तिच्यातल्या आत्महत्येचं अनुकरण होतंय या भीतीने लाइपझिगमध्ये तिच्यावर बंदी घातली गेली. पुढे १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येच्या बातम्या ठळक छापल्यावर काय होतं ते तपासलं आणि त्या परिणामाला वेर्थरचंच नाव दिलं. ध्यानात घ्यायचं ते हे की त्याने तपासल्या त्या बातम्या, कादंबऱ्या नव्हेत. भडक, जवळची, पद्धत सांगणारी बातमी आधीच खचलेल्या माणसाला धोक्याची असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या रशियातली सहा भागांची कादंबरी धडधाकट मुलाला खुनी बनवत नाही. पण खचलेला मुलगा अशा कादंबरीत स्वतःला शोधू शकतो. म्हणून पुस्तक काय आहे यापेक्षा मुलगा कसा आहे, हे आधी पाहावं लागतं.

वडिलांना विचारलं, “नाना, पुस्तक बाजूला ठेवू. गेल्या दोन आठवड्यांत तो किती वाजता झोपतो?” त्यांना सांगता येईना. आईला येत होतं. पहाटे चार. जेवण एक वेळचं, तेही अर्धं. अंघोळ तीन-चार दिवसांनी. कळण्याची भाकरी आणि भरीत समोर ठेवलं तरी ताट तसंच परत. मित्रांचे फोन वाजून बंद होतात. गावातला क्रिकेटचा ग्रुप त्याने सोडला. या सगळ्यात पुस्तक कुठेच नाही, आणि काळजीचं कारण हेच आहे. झोप, भूक, स्वच्छता, माणसं आणि आवडीचं काम या पाच गोष्टींपैकी तीन-चार दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेल्या असतील, तर मुलगा काय वाचतोय हा प्रश्न मागे ठेवायचा आणि त्याला तपासायला न्यायचं.

पुस्तक त्याच दिवशी परत द्यायला सांगितलं. “विचारल्याशिवाय घेतलं, चुकलं आमचं,” एवढं एकच वाक्य बोलायचं, पुढे उपदेश नाही. नानांना ते जड गेलं. बापाने पोराची माफी मागायची म्हणजे काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी ते केलं, आणि तेवढ्यामुळेच मुलगा चौथ्या दिवशी भेटायला तयार झाला.

येताना पुस्तक आणायला सांगितलं होतं. या कामात पुस्तकाइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही, कारण स्वतःबद्दल बोलायला तयार नसलेलं पोर नायकाबद्दल तासभर बोलतं. त्याच्या प्रतीत पेन्सिलच्या खुणा होत्या. खुनाचं प्रकरण कोरं होतं, एकही रेघ नाही. रेघा होत्या नायकाच्या आईच्या पत्राच्या पानांवर. विधवा आई लिहिते की चार महिन्यांपूर्वी पाठवलेले पंधरा रूबल तिने पेन्शन गहाण ठेवून उसने घेतले होते, बहीण एका श्रीमंत माणसाशी लग्न करायला तयार झाली आहे, आणि तूच आमची सगळी आशा. त्या शेवटच्या ओळीखाली इतकी दाबून रेघ ओढली होती की कागद फाटला होता.

दुसरी खूण दुसऱ्या भागात होती. मित्र रझुमिखिन त्याला भाषांतराचं काम देतो, तीन रूबल आगाऊ हातावर ठेवतो. हा ते घेऊन बाहेर पडतो, थोडं चालतो, परत येतो, कागद आणि पैसे टेबलावर ठेवून काही न बोलता निघून जातो. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मी पण.’

“तू काय परत केलंस?” एवढंच विचारलं. बराच वेळ तो गप्प होता, मग सांगू लागला. दुसऱ्या वर्षाचे विषय राहिले होते, त्यामुळे तिसऱ्या वर्षाला प्रवेशच झाला नव्हता. घरी सांगितलं नाही. नानांनी कापूस विकून फीचे म्हणून पाठवलेले बेचाळीस हजार खात्यात पडून, त्यातले एकतीस हजार शिल्लक. वर्गमित्राने राहिलेल्या विषयांच्या नोट्स आणून दिल्या, त्या त्याने दुसऱ्या दिवशी परत केल्या, दार न उघडता, कडीला पिशवी अडकवून. खानावळीच्या मावशींनी डबा भरलेला परत येतोय म्हणून दोनदा चौकशी केली, तर त्याने डबाच बंद केला. आईवडील कुऱ्हाडीला घाबरले होते आणि मुलाला छळत होतं ते पत्र.

अशा भेटीत मरणाच्या विचारांबद्दल स्पष्ट विचारावंच लागतं. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट विचारल्यावर बहुतेकांना हायसं वाटतं. शब्द सरळ हवेत: “जगणं नको वाटतं का? मरणाचा विचार येतो का? कसं करायचं हे ठरवलंयस का?” तिसऱ्याला ‘हो’ असेल तर माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय. याचं पहिल्याला ‘हो’, दुसऱ्याला ‘कधीकधी’, तिसऱ्याला ‘नाही’ होतं. नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत सत्तावीसपैकी पंधरा गुण आले. दहा आणि त्याहून जास्त असले की मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. पंधरा म्हणजे नुसत्या गप्पांवर भागवायची वेळ निघून गेलेली. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे, खाजगी परवडत नसेल तर तिथे जावं. त्याला डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या मनाने बंद करायच्या नसतात. घरोघरी नेमकी हीच चूक होते.

त्याच संध्याकाळी नानांना एक काम दिलं. कपाशीच्या फवारणीची औषधं घराबाहेर, कुलपात, किल्ली स्वतःच्या कनवटीला. शेतकरी घरात याहून महत्त्वाची सूचना दुसरी नाही. मरणाची तीव्र ऊर्मी बहुतेक वेळा थोड्या वेळाने ओसरते, तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसली तर माणूस वाचतो. नाना म्हणाले, “तो तसा नाहीये हो.” त्यांना सांगितलं, तसा कोणीच नसतो, म्हणूनच कुलूप लावायचं.

मुलाबरोबर एक कार्ड लिहिलं, त्याच्याच अक्षरात. विचार वाढायला लागले हे कशावरून कळतं (त्याने लिहिलं: ‘पंख्याकडे बघत पडून राहतो’). तेव्हा एकट्याने काय करायचं. कोणाकडे जाऊन नुसतं बसायचं. कोणाला स्पष्ट सांगायचं. आणि शेवटी १४४१६, शासनाची टेलिमानस ही मोफत, चोवीस तास चालणारी सेवा, तिथे मराठीत बोलता येतं. कार्ड फोनच्या कव्हरमध्ये ठेवलं.

वाचन थांबवलं नाही, फक्त त्याच्या वेळा ठरवल्या. रात्री दहानंतर नाही. बंद खोलीत नाही, ओट्यावर किंवा अंगणात. एका वेळी वीस पानं. आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न वहीत लिहायचा: या पानांत त्याच्या दारावर कोणी थाप मारली? हा प्रश्न मुद्दाम दिला होता. खचलेला वाचक नायकाच्या डोळ्यांनी वाचतो, त्यामुळे नायकाला न दिसलेलं त्यालाही दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यात वहीत यादी आली: मोलकरीण नस्तास्या, न मागता सूप आणि चहा आणणारी. रझुमिखिन, तापात उशाशी बसणारा, जुने कपडे विकत आणणारा. आई. बहीण दून्या. सोन्या, ज्या मुलीजवळ तो कबुली देतो ती. खाली त्याने स्वतःच लिहिलं होतं, ‘एवढे लोक होते?’ त्याच पानावर पुढच्या भेटीत दुसरी यादी केली, त्याच्या स्वतःच्या दारावरच्या थापांची. खानावळीच्या मावशी पहिल्या क्रमांकावर होत्या.

हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो दोन भेटींना आलाच नाही. आईने मामाला सांगितलं, मामाने चौकात विषय काढला, आणि कोणीतरी ‘डोक्यावर परिणाम झालाय म्हणे’ असं त्याच्या तोंडावर बोललं. चुलत भावाने प्रेरणादायी भाषणांच्या चाळीस चित्रफिती पाठवल्या, त्याने मुलाला अजून लाज वाटली. आणि आईच्या तोंडून जेवताना निघून गेलं, “तुझ्यासाठी तुझ्या बापाने बैलजोडी विकली रे.” ताईंना, म्हणजे त्याच्या आईला, त्यात टोचायचं काहीच नव्हतं, त्या माया दाखवत होत्या. पण कादंबरीतलं पत्रही मायेनेच लिहिलेलं आहे, आणि ते वाचून रास्कोल्निकोव्हच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ओठांवर कडवट हसू. त्यागाचा हिशेब मायेने मांडला तरी ऐकणाऱ्याला तो कर्जाचा वाटतो. त्याऐवजी काय बोलावं असं ताईंनी विचारलं. उत्तर साधं होतं: “काही दिवस त्याच्या भविष्यावर आणि आपल्या कष्टांवर घरात एकही वाक्य नको. जेवलास का, चल शेतात येतोस का, एवढं पुरे.”

फीची गोष्ट नानांना कधी सांगायची हे त्याने ठरवायचं होतं, कुठे तेही. गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले होते, झोप रात्री बाराला येऊ लागली होती. त्याने सांगितलं ते कापूस वेचणीच्या शेतात, बांधावर, बाप समोर न बघता उभा असताना. ही जागा त्याने हुशारीने निवडली. खाली मान घालून सांगायच्या गोष्टी समोरासमोर बसवून काढून घेऊ नयेत. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “विषय किती राहिले?” तीन. “फॉर्म कधी भरायचाय?” एवढंच.

जळगावची खोली सोडली नाही, पण एकट्याची राहिली नाही. नोट्स आणून देणारा वर्गमित्र तिथे राहायला आला. सकाळी सातला उठणं, मेहरूण तलावावर वीस मिनिटं चालणं, दुपारचं जेवण डबा न मागवता खानावळीत जाऊन. अभ्यास सुरुवातीला फक्त पंचवीस मिनिटांचा, एकाच विषयाचा. प्रश्नावलीचा आकडा नवव्या आठवड्यात सातवर आला. उन्हाळी परीक्षेत तीनपैकी दोन विषय निघाले, एक राहिला. त्या रात्री मात्र त्याने घरी फोन केला.

शेवटच्या भेटीला ताई एकट्याच आल्या. धाकटी अकरावीत आहे, तिने आता भावाचं तेच पुस्तक वाचायला घेतलंय, काढून घेऊ का, असं त्या विचारत होत्या. ती जेवते का? हो, दोन भाकरी. झोप? दहाला घोरते. मैत्रिणी? घरात उठबस असते. मग वाचू द्या, असं सांगितलं. रात्री जेवताना तिला विचारा, कुठपर्यंत आलीस, आणि कादंबरीतल्या त्या पोराला आपल्या घरची वरची खोली भाड्याने द्यावी का. ताई हसल्या आणि म्हणाल्या, “मी तर देईन. पण जेवायला खाली यायचं, ही अट घालून.”