आधी तारीख, मग अर्थ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर पत्र वाचता वाचता तुझा आवाज फुटला. आजी बाळंतपणात गेली असं तुम्हाला लहानपणापासून सांगितलं, आणि आता कळतंय की ती क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये होती. आजोबा तिला लिहितात, "मुलांना तिकडे आणणार नाही, तूही घरी यायचा हट्ट धरू नकोस." तुला राग आला, तो यायलाच हवा. पण रविवारी सगळे जमले की हे पत्र भर बैठकीत वाचून आजोबांचं पितळ उघडं पाडायचं, हे तू ज्या झटक्यात ठरवलंस, ते मला अजिबात पटलेलं नाही.

पत्रावर काय आहे? "९ मार्च, मंगळवार." साल कुठे आहे? साल नसताना तू निकाल कशाच्या जोरावर दिलास? १९३५ ते १९५० या वर्षांत ९ मार्चला मंगळवार तीनदाच आला: १९३७, १९४३ आणि १९४८. क्षय जंतूमुळे होतो हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवलं होतं. त्यावर चालणारं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, प्रयोगशाळेत हाती लागलं ते मात्र १९४३च्या ऑक्टोबरात. पत्र त्याआधीचं असेल, तर विश्रांती, मोकळी हवा, सकस खाणं आणि मुलांना लांब ठेवणं यापलीकडे त्या माणसाच्या हातात फारसं काही नव्हतं. १९४८चं असेल, तर औषध जगात आलेलं होतं. दुर्मीळ होतं, महाग होतं, पण होतं. मग त्यांनी ते मिळवायची धडपड केली का, हे विचारावंच लागेल. तारखेमुळे आजोबा सुटतील असं मी म्हणत नाही. कदाचित जास्तच अडकतील. मला त्यांची वकिली करायची नाही. आधी तारीख लाव, मग अर्थ लाव, एवढंच म्हणतेय.

आणखी एक. हे पत्र आजोबांच्याच पेटीत कसं? घरात सापडतात ती आलेली पत्रं. पाठवलेलं पत्र लिहिणाऱ्याच्याच घरी सापडलं, तर एक तर आजीच्या माघारी तिच्या सामानाबरोबर ते परत आलं, नाहीतर तो नुसता खर्डा आहे, किंवा पत्र टपालात पडलंच नाही. पडलंच नसेल, तर ज्या वाक्यावर तू रडलीस ते आजीनं कधी वाचलेलंच नाही. पाकीट आहे का? त्यावर शिक्का आहे का? हे तू बघितलंही नाहीस.

मी इतकी हट्टानं बोलते त्याला कारण आहे. माझ्या आत्याची पत्रं माझ्या हाती आली तोवर घरातल्या कुणीतरी पाकिटं केर म्हणून टाकून दिली होती. सासरचा जाच सोसवेना म्हणून "मला घेऊन जा" असं तिनं लिहिलंय. ते तिचं मूल दगावण्याआधी की नंतर, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आधी असेल, तर आमच्या घरानं माहीत असून डोळेझाक केली. एका शिक्क्यावर सगळं अवलंबून होतं आणि तो शिक्काच गेला. पुढे थोरल्या काकांनी पत्रंही जाळायला काढली, घराण्याची अब्रू म्हणून. मी ती जाळू दिली नाहीत. त्यावरून बोलणं तुटलं ते तुटलंच. मेलेल्यांची उणीदुणी काढणारी बाई म्हणून मला नावं ठेवतात. ठेवू देत. आत्याला जिवंतपणी कुणी ऐकलं नाही, निदान तिचं लिहिलेलं तरी राहिलं पाहिजे. मी केलं ते बरोबर होतं आणि उद्याही तेच करेन.

म्हणून तुला गप्प राहा असं मी सांगणार नाही. रविवारी बोलायचं तर बोल. पण अर्धवट कळलेल्यावर बोललीस, तर मामा एका प्रश्नात तुला गप्प करतील आणि पेटी कायमची बंद होईल.

तेव्हा पत्रं पेटीत ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं फोटो काढ, दोन्ही बाजूंनी. नंबर घालायचे तर कोपऱ्यात, पेन्सिलीनं. घडीवर फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नकोस, तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. पाकीट आणि पत्र यांची ताटातूट करू नकोस. पत्रात कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, कुणाची परीक्षा असे उल्लेख असतील ते वेगळे लिहून काढ. साल बहुतेक वेळा त्यातूनच लागतं.

शिक्का पुसट असेल, तर खोलीत अंधार करून बॅटरी अगदी आडवी धर आणि फोटो काढ. तो मला शनिवारच्या आत पाठव. मामांशी काय आणि किती बोलायचं, ते शिक्का वाचून झाल्यावर ठरवू.

तुझी,
मावशी