हे तोरण कधी सुकणार?

प्रिय चिऊ,

परवा शाळेतून घरात येता येता तू वर बघितलंस आणि विचारलंस, "बाबा, हे तोरण कधी सुकणार?" आदल्याच दिवशी मी तुला म्हणालो होतो, सुकलं की उतरवू. ते वाक्य नानांचं, तुझ्या आजोबांचं आहे, जसंच्या तसं माझ्या तोंडी बसलेलं. आपला झेंडू कापडाचा आहे हे बोलताना माझ्या ध्यानातच आलं नाही. "बघू," म्हणून मी तुला टाळलं. ते दोन दिवस टोचतंय, म्हणून लिहितोय. तुला वाटेल तेवढंच वाच.

ठाण्याला, नौपाड्याच्या घरी, दसऱ्याचा झेंडू नाना आणायचे. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या कारखान्यात व्हायची. लेथ मशीनला माळ घालून, कपाळावरचं गंध तसंच ठेवून ते घरी यायचे आणि दसऱ्याला पहाटे मला उठवून जांभळी नाक्यावर न्यायचे. अजून अंधार असायचा. रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग, आणि मधूनमधून येऊरच्या बाजूने आलेल्या बायका आंब्याचे डहाळे, आपट्याची पानं, भाताच्या लोंब्या घेऊन बसलेल्या. नाना एकेक फूल मागून दाबून बघायचे, घट्ट लागलं तरच घ्यायचे. पिशवी माझ्याकडे. तलावपाळीवरून चालत येताना ती पोटाला गार लागायची.

घरी आजी दाभण घेऊन तयार. आधी चौकटीला दोरा लावून माप घ्यायचं, वर एक वीत जास्त. पानाच्या देठातून दोरा ओवायचं काम माझं. देठ चिरला की पान बाद, आणि माझ्या हातून खूप पानं बाद व्हायची. आजी कधी काही बोलली नाही, म्हणून नाना डहाळे जास्तच आणायचे. दुपारी श्रीखंड खाताना बोटांना झेंडूचा कडवट वास असायचा. तोरण बांधायला मी स्टुलावर चढायचो आणि नाना खाली स्टूल धरून उभे राहायचे. स्टूल चांगलं भक्कम होतं, तरी धरायचे.

मग ते सुकायचं. चारेक दिवसांत फुलांच्या कडा तपकिरी, पानं करकरीत, आणि दार जरा जोरात लागलं की पाकळ्या उंबऱ्यात. आजी रोज झाडून घ्यायची, पण दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तोरणाला हात लावू द्यायची नाही. उतरवलं की सुकी फुलं हाताने चुरून तुळशीशेजारच्या कुंडीत टाकायची. झेंडूचं बी काळं, बारीक काडीसारखं असतं, एका टोकाला पांढुरका तुरा. पावसाळ्यात त्यातलं थोडं उगवून यायचं. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा वाटलं.

तुला गोल हवं होतं, इथे शेजारच्या दारावर असतं तसं. म्हणून आपण द्राक्षवेलीचं चौदा इंची कडं आणलं. फुलांच्या देठात तार होती, कात्रीला दाद देईना, तेव्हा पक्कड काढली. हिरव्या फेल्टची आंब्याची पानं तू कापलीस, प्रत्येकाची मधली शीर पांढऱ्या धाग्याने घातलीस. आधी पानं, सगळी एकाच दिशेला झुकलेली, मग मोठे झेंडू तीन-तीन जवळजवळ, फटींत लहान फुलं. ग्लू गन मी तुझ्या हातात दिली नाही म्हणून तू रुसलीस. पुढच्या वेळी देईन.

आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ती गप्प झाली, हे तू टिपलंस. फुलं खोटी म्हणून, असं तुला वाटलं. तसं नव्हतं गं. आपल्याकडे फुलांचं गोल कडं म्हणजे पुष्पचक्र. ते हुतात्म्यांच्या स्मारकावर, गेलेल्या माणसाला वाहतात, सणाच्या दिवशी दारावर लावत नाहीत. तोरण आडवं असतं. पण थोड्या वेळाने तीच म्हणाली, "खालून पाच पानं लोंबती सोड बाळा, म्हणजे तोरण होईल." तू लगेच पाच पानं आणखी कापलीस. मला त्या कड्यातली तीच पाच सगळ्यांत आवडतात.

इथे थंडीच्या एका रात्रीत अंगणातला झेंडू काळा पडतो, आंब्याचं पान तर दिसतच नाही. माझी बाजू म्हणून एवढं सांगता येतं. पण २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा आजीने माळ्यावरचं मखर मुकाट्याने काढून टाकलं आणि गणपतीला पुठ्ठ्याचं केलं. आज तिकडचे फूलशेतकरी प्लास्टिकच्या फुलांवर बंदी मागतायत, कारण ऐन सणात त्यांच्या झेंडूचा भाव पडतो. आपली कापडी फुलं पॉलिस्टरची, म्हणजे तीही प्लास्टिकच. ज्यांचा झेंडू मी पोटाशी धरून घरी आणायचो, त्यांचंच हे म्हणणं आहे. त्यामुळे आपण केलं ते योग्यच, असं मला म्हणवत नाही. तुझी पानं बघितली की चुकलं असंही म्हणवत नाही.

तर, चिऊ, हे तोरण सुकणार नाही. उन्हाने विटेल फार तर. काल मी मागच्या अंगणात जाऊन थंडीच्या आधीच झाडावर सुकलेली झेंडूची सात-आठ बोंडं काढून आणली. कागदी पाकिटात घालून फ्रिजवर ठेवली आहेत. वाटलं तर मे महिन्यात लावू, आणि दसरा थंडीच्या आधी आला तर कड्यात चार खरी फुलं खोवू. नाही वाटलं तर पाकीट तिथेच राहू दे.

दिवाळी दोन आठवड्यांवर आली आहे. तोरण आधी उतरवायचं की तसंच ठेवायचं, ते तू सांग. खिळा उंच आहे. स्टूल मी धरतो.

तुझा,
बाबा