उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये तंबू टाकून राहता येतं का? कळसूबाई, हरिश्चंद्रगड नेहमी करतो, हा सह्याद्रीतला सराव पुरेल का?

तंबूचं विसरा. 1982 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, आत मुक्कामाला बंदी. सकाळी सातच्या सुमारास सोडायला लागतात, दुपारनंतर आत घेत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावं लागतं. राहायचं घांघरियात, दरीजवळच्या गावात.

कळसूबाई, हरिश्चंद्रगड नेहमी करता म्हणता, तर पायांची काळजी नको. प्रश्न उंचीचा आहे. कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर, आणि घांघरियात तुम्ही झोपणार तेच 3,050 च्या आसपास. हेमकुंड (तळ्याकाठचा शिखांचा गुरुद्वारा) तर 4,000 च्याही वर, चढ अंगावर येणारा. त्यामुळे बरेच ग्रुप करतात तसं ते आधी उरकू नका. गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत जीप, पुढे घांघरिया पायी, दुसऱ्या दिवशी दरी, मग हेमकुंड.

सुट्टी असेल तर दरीला आणखी एक दिवस द्याच. बहुतेक लोक पुष्पावती नदीचा पूल ओलांडून धापा टाकत वर येतात, पहिल्या ताटव्यापाशी फोटो काढतात, डबा खातात आणि घड्याळ बघत माघारी फिरतात. खरी दरी तिथून पुढे आहे. किमान ब्रिटिश वनस्पतीअभ्यासक जोन लेगच्या कबरीपर्यंत जा. 1939 मध्ये फुलं गोळा करताना ही बाई कड्यावरून घसरून गेली. तिच्या बहिणीने बसवलेला दगड तिथे आहे.

गुलाबी ताटवे दिसतील ते आपल्या तेरड्याचे भाऊबंद. मात्र लालसर देठांचं, पांढऱ्या तुऱ्यांचं पुरुषभर उंच रान लागलं की कौतुक आवरा (त्यात शिरलात तर रेनकोट असूनही कमरेपर्यंत चिंब व्हाल). ते पॉलिगोनम. नाजूक झाडांना दाबून टाकतं म्हणून वनखातं ते उपटत असतं. उद्यान झाल्यावर मेंढ्यांची चराई थांबली आणि हे माजलं, असं काही अभ्यासक म्हणतात. मला त्यात तथ्य वाटतं.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा फुलांसाठी उत्तम. पण त्याच दिवसांत जोशीमठच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, गाड्या तासन् तास अडकतात. हरिद्वारहून परतीचं रेल्वे तिकीट दोन दिवस पुढचं काढा.