बायपासमधला शिरेचा ग्राफ्ट अरुंद झालाय, स्टेंट टाकावा का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, बाबांची बायपास 11 वर्षांपूर्वी झाली, तीन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालून जोडलेल्या रक्तनळ्या), एक छातीतल्या धमनीचा आणि दोन पायाच्या शिरेचे. हल्ली जिना चढला की छातीत दाबल्यासारखं होतं म्हणून अँजिओग्राफी केली, तर छातीतला ग्राफ्ट एकदम क्लीन पण शिरेचा एक 80 टक्के बंद आणि दुसरा 40 टक्के. डॉक्टर स्टेंट सांगतायत, वर रिस्क जास्त आहे असंही म्हणतायत. एकाच माणसात एक ग्राफ्ट चांगला आणि एक खराब असं कसं? परत बायपासच का नको? आणि दुसऱ्यातही लगे हाथ स्टेंट टाकून घ्यावा का?

उत्तर: बाबांचं काही चुकलं असेलच असं नाही, शिरेचा स्वभावच तो. तिला पायातलं रक्त कमी प्रेशरवर वर न्यायची सवय, आणि आपण तिला काढून डायरेक्ट महाधमनीला जोडतो, मग दर ठोक्याला ते प्रेशर सोसून ती आतून जाड होत जाते आणि पुढे त्यात चरबी साठते. 1967 साली सर्जन फावालोरोंनी अमेरिकेत क्लीव्हलँडला शिरेच्या बायपासची पद्धत रुळवली तेव्हापासून हे दुखणं सोबत आहेच, 10 वर्षांत शिरेचे जवळपास निम्मे ग्राफ्ट बंद किंवा बरेच खराब होतात. छातीतली धमनी मात्र मुळातच धमनी, ती 10 वर्षांनीही 90 टक्क्यांच्या आसपास लोकांत चालू असते.

आता रिस्कचं. जुन्या शिरेतला अडथळा कडक नसतो, भुसभुशीत असतो, फुगा फुगवला किंवा स्टेंट दाबला की त्याचा चुरा सुटून पुढच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतो, मग स्टेंट फोटोत मस्त उघडलेला दिसतो पण पुढे रक्तच जात नाही आणि पेशंटला टेबलवरच अटॅक येऊ शकतो. म्हणून जमेल तिथे पुढे छत्रीसारखी बारीक जाळी उघडून ठेवतात, चुरा त्यात अडकतो आणि शेवटी जाळीसकट बाहेर काढतात. ती प्रत्येक ग्राफ्टमध्ये बसत नाही, पुढे सरळ जागा लागते, तेव्हा बाबांच्या केसमध्ये बसेल का हे आधीच विचारा. दुसरं विचारायचं म्हणजे ग्राफ्ट सोडून त्याच भागाची मूळ धमनी उघडता येईल का, कधीकधी तो रस्ता बरा पडतो, पण ती पूर्ण बंद होऊन वर्षं झाली असतील तर तेही काम वेळखाऊ आणि अवघड, सरसकट उत्तर नाही.

परत बायपास करता येते पण दुसऱ्यांदा छाती उघडताना सगळं चिकटलेलं असतं, हाडाच्या मागे तो चालू असलेला चांगला ग्राफ्ट असतो आणि त्यालाच धक्का लागला तर काय उरलं? तो नीट चालत असताना फक्त एका शिरेसाठी सर्जन सहसा तयार होत नाहीत.

40 टक्केवाल्याला आत्ता हात लावू नका. अशा मध्यम अडथळ्यात आगाऊ स्टेंट टाकून पाहिलेत ट्रायलमध्ये, पण पुढचे अटॅक आणि मृत्यू त्याने कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. त्याच्यासाठी स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, अ‍ॅस्पिरिन, शुगर-बीपी, आणि सिगारेट असेल तर आजच बंद. स्टेंट पडला की रक्त पातळ करायची दुसरी गोळीही काही महिने चालते, दात काढायचाय वगैरे म्हणून ती परस्पर थांबवू नका, आधी कार्डिओलॉजिस्टला फोन. आणि बसल्याजागी दुखायला लागलं किंवा घाम फुटला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीला न्या.